दोन चित्रं गाळलेलं प्रदर्शन: स्टोकोव्स्की, मुसॉर्ग्स्की आणि 1939 मधला एक निर्णय

रशियन संगीतकार मॉदेस्त मुसॉर्ग्स्कीच्या ‘प्रदर्शनातली चित्रं’ या पियानोरचनेला फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलने दिलेलं वाद्यवृंदाचं रूप 1922 पासून जगभर वाजतंय. ते इतकं रुळलंय की मूळ रचना एकट्या पियानोसाठी होती, हे पुष्कळ श्रोत्यांना ठाऊकच नसतं. ते हाताशी असताना 1939 मध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्की या कंडक्टरने त्याच रचनेचं स्वतःचं ऑर्केस्ट्रेशन केलं आणि दहापैकी दोन चित्रं सरळ गाळून टाकली. त्याचं म्हणणं असं की राव्हेलच्या कामाला फ्रेंच वास येतो, या संगीताला स्लाव्ह, म्हणजे रशियन-पूर्व युरोपी, आवाज हवा.

कंडक्टर मंडळींनी रशियन पियानोसंगीत आणि ऑपेरा वाद्यवृंदासाठी मांडल्याची उदाहरणं बरीच आहेत. त्यातलं हे एकच प्रकरण इथे सविस्तर घेतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्टोकोव्स्कीचा कान बरोबर होता, पण त्या कानाच्या समर्थनासाठी त्याने जो युक्तिवाद केला तो टिकत नाही.

मूळ रचना

व्हिक्टर हार्टमान हा वास्तुविशारद आणि चित्रकार 1873 मध्ये अवघ्या 39 व्या वर्षी गेला. तो मुसॉर्ग्स्कीचा जवळचा मित्र. दोघांचाही स्नेही आणि त्या काळचा दबदबा असलेला समीक्षक व्लादिमीर स्तासॉव याने पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये हार्टमानच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवण्यात पुढाकार घेतला. ते पाहून आल्यावर जून 1874 मध्ये मुसॉर्ग्स्कीने जेमतेम तीन आठवड्यांत ही रचना लिहून काढली आणि ती स्तासॉवला अर्पण केली. एरवी अर्धवट सोडलेल्या कामांसाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाकडून हे एवढं झपाट्याने पुरं झालं, यातच काय ते आलं.

रचनेची कल्पना सोपी आहे. एक माणूस प्रदर्शनात हिंडतो आहे. त्याच्या चालण्याची धून म्हणजे ‘प्रॉमनाड’, आणि ती मधूनमधून येत राहते. बाकीचे तुकडे म्हणजे तो ज्यांच्यासमोर थबकतो ती चित्रं. या मधल्या तुकड्यांत माझाच चेहरा दिसतो, अशा अर्थाचं मुसॉर्ग्स्कीने स्तासॉवला पत्रातून कळवलंही होतं.

त्याच्या हयातीत ही रचना छापलीच गेली नाही. 1881 मध्ये तो वारला, आणि 1886 मध्ये संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकॉव्हने संपादित करून ती प्रकाशात आणली. रिम्स्कीने नेहमीप्रमाणे इथेतिथे हात फिरवला. उदाहरण द्यायचं तर ‘बीद्लो’ या पोलिश बैलगाडीच्या चित्राचं. मुसॉर्ग्स्कीच्या हस्तलिखितात ती गाडी पहिल्या सुरापासून पूर्ण जोरात अंगावर येते. रिम्स्कीच्या छापील प्रतीत ती हळू आवाजात लांबून येऊ लागली. राव्हेलच्या समोर हीच प्रत होती, म्हणून त्याच्या वाद्यवृंदातही गाडी लांबूनच येते. पावेल लाम याने हस्तलिखिताबरहुकूम केलेली आवृत्ती यायला 1931 साल उजाडलं.

राव्हेल आधी नव्हता, आणि एकटाही नव्हता

या रचनेला वाद्यवृंदाचे कपडे चढवायचा मोह फार जुना. रिम्स्कीचा शिष्य मिखाईल तुश्मालॉव याने 1891 मध्येच काही भागांचं ऑर्केस्ट्रेशन केलं होतं. लंडनच्या प्रॉम्स मैफलींचा कंडक्टर हेन्री वूड याने 1915 मध्ये स्वतःचं केलं. त्यात त्याने पहिला प्रॉमनाड तेवढा ठेवून बाकीचे उडवले. पुढे राव्हेलची मांडणी आली आणि वूडने आपली मागे घेतली. हेलसिंकीत लिओ फुंतेकने 1922 मध्येच, म्हणजे राव्हेलच्याच वर्षी, आपली मांडणी केली.

राव्हेलकडून काम करवून घेणारा माणूसही कंडक्टरच होता: सर्गेई कुसेविट्स्की. 19 ऑक्टोबर 1922 ला पॅरिसमध्ये त्याने ते प्रथम सादर केलं. त्याचं प्रकाशनगृह होतं, आणि या मांडणीचे हक्क त्याने काही वर्षं आपल्यापाशीच ठेवले. त्यामुळे दुसऱ्या कंडक्टरला हे संगीत वाजवायचं तर वाट पाहा, नाहीतर स्वतःची सोय करा. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात कंडक्टर यूजीन ऑर्मंडीने दुसरा मार्ग धरला. त्याच्या सांगण्यावरून त्याच ऑर्केस्ट्रातला वादक आणि मांडणीकार ल्युसियाँ काय्ये याने वेगळं ऑर्केस्ट्रेशन केलं आणि 1937 मध्ये ते वाजलंही.

म्हणजे 1939 मध्ये स्टोकोव्स्कीने आपली मांडणी आणली तेव्हा त्याच ऑर्केस्ट्राने दोनच वर्षांपूर्वी काय्येची वाजवली होती. आणि राव्हेलची? ती तर खुद्द स्टोकोव्स्कीनेच नोव्हेंबर 1929 मध्ये फिलाडेल्फियाच्या श्रोत्यांना पहिल्यांदा ऐकवली होती. ती मिळत नव्हती म्हणून त्याने नवीन केली, असं म्हणायला जागा नाही. ती त्याला पाठ होती, आणि तरीही नको होती.

हा माणूस कोण

स्टोकोव्स्की 1882 मध्ये लंडनमध्ये जन्मला. वडिलांचं घराणं मूळ पोलिश. शिक्षण इंग्लंडमध्ये, पेशा सुरुवातीला चर्चमधल्या ऑर्गनवादकाचा, आणि बोलण्यात आयुष्यभर एक गूढ पूर्व युरोपी हेल, जो कुठून आला हे त्याच्या चरित्रकारांनाही पडलेलं कोडं. 1905 मध्ये तो न्यूयॉर्कच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चमध्ये ऑर्गनिस्ट म्हणून रुजू झाला, 1909 मध्ये सिनसिनाटीत कंडक्टर झाला आणि 1912 पासून फिलाडेल्फियात. तिथे त्याने जो आवाज घडवला त्याला लोक आजही फिलाडेल्फिया साउंड म्हणतात.

त्या आवाजाचं एक गुपित अगदी यांत्रिक आहे. एरवी वाद्यवृंदातले सगळे व्हायोलिनवादक गज एकाच दिशेला ओढतात आणि एकाच क्षणी परत फिरवतात. दिसायला ते शिस्तीचं दिसतं, पण गज फिरताना सुरात एक बारीकशी फट पडते. स्टोकोव्स्कीने वादकांना सांगितलं की ज्याला जेव्हा सोयीचं वाटेल तेव्हा त्याने गज फिरवावा. वीस जणांचे वीस गज वेगवेगळ्या वेळी फिरू लागले आणि ती फट ऐकू येईनाशी झाली. सूर जणू श्वास न घेता लांबत राहतो, आणि ऑर्गनचा सूर नेमका असाच असतो. चर्चमधून बाहेर पडून तीस वर्षं झाली तरी त्याच्या डोक्यातलं वाद्य तेच होतं, असं मला वाटतं.

आता हे पियानोशेजारी ठेवून पाहा. पियानोवर पट्टी दाबली की सूर त्या क्षणापासून मरायला लागतो. मुसॉर्ग्स्कीच्या या रचनेत लांब लांब धरलेले सूर जागोजागी आहेत आणि ते पियानोवर कधीच पुरे धरले जात नाहीत. ज्या ऑर्केस्ट्राचं वैशिष्ट्यच न संपणारा सूर, त्याच्या कंडक्टरला ही रचना आपल्यासाठीच थांबून राहिल्यासारखी वाटली असेल तर नवल नाही. रंगांच्या बाबतीत राव्हेलच्या तोडीचं कुणी नव्हतं. स्टोकोव्स्कीने रंगांऐवजी लांबीवर खेळ मांडला.

पहिली ओळ

दोघांच्या वाटा पहिल्याच प्रॉमनाडमध्ये फुटतात. तिच्या माथ्यावर मुसॉर्ग्स्कीने स्वतः ‘रशियन ढंगाने’ अशी सूचना लिहिली आहे. ताल पाच आणि सहा मात्रांमध्ये आलटूनपालटून फिरतो, त्यामुळे चाल सरळ पडत नाही. जाडजूड माणूस रेंगाळत, मध्येच रोख बदलत चालावा तशी. पहिली ओळ एकेरी सुरांची. लगेच तीच ओळ भरगच्च स्वरमेळात परत येते. पुन्हा एकेरी ओळ, पुन्हा भरगच्च. रशियन लोकगीतात म्होरक्या गायक ओळ सुरू करतो आणि बाकीचे ती उचलतात, त्याचा हा सांगाडा. पोवाड्यात शाहिराने टाकलेली ओळ झीलकरी उचलतात, तसंच.

राव्हेल ती एकेरी ओळ एकट्या ट्रंपेटला देतो आणि उत्तर सगळ्या पितळी वाद्यांना. ट्रंपेटचा तो झळाळता सूर आता या रचनेची ओळखच झाला आहे. स्टोकोव्स्की ट्रंपेट काढून टाकतो आणि ओळ व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याला देतो. ऐकताना फरक जाणवायला दोन सेकंद पुरतात. राव्हेलमध्ये दार उघडून कुणीतरी ऐटीत आत येतं. स्टोकोव्स्कीमध्ये मोठा गंभीर समुदाय आधीच आत उभा आहे आणि गायला लागला आहे.

आता गंमत पाहा. स्लाव्ह आवाज हवा म्हणून ज्याने ट्रंपेट हटवला, त्याने म्होरक्याच हटवला. एक आणि अनेक यांच्यातला जो व्यवहार मुसॉर्ग्स्कीने रशियन ढंग म्हणून लिहिला होता, तो फ्रेंच माणसाच्या हातात शाबूत राहिला आणि रशियनपणाचा कैवार घेणाऱ्याच्या हातात विरघळला. स्टोकोव्स्कीला रशियनपणा म्हणजे आवाजाचा पोत वाटला: जाड, काळसर, सामूहिक. मुसॉर्ग्स्कीचा रशियनपणा बांधणीत होता. तरीही ती स्टोकोव्स्कीची सुरुवात ऐकताना अंगावर काटा येतो, हेही खरंच आहे, आणि ते नाकारून चालणार नाही.

‘जुना किल्ला’ या चित्रात उलटी गोष्ट घडते. इथे राव्हेलने धून आल्टो सॅक्सोफोनला दिली. कल्पना अफलातून, पण 1922 च्या पॅरिसची. स्टोकोव्स्की तीच धून कोर आंग्लेला, म्हणजे ओबोच्या खालच्या पट्टीतल्या भावंडाला, देतो. खाली एकच सूर तुकडाभर धरलेला राहतो आणि वर ती धून कुणाला न सांगता रडत राहते. इथे मी स्टोकोव्स्कीच्या बाजूने आहे. सॅक्सोफोन ऐकताना राव्हेलची कल्पकता आठवते. कोर आंग्ले ऐकताना फक्त धून.

कात्री

खरा वादाचा मुद्दा गाळलेल्या चित्रांचा. ‘तूइलरी’ म्हणजे पॅरिसच्या बागेत भांडणारी पोरं, आणि ‘लिमोजचा बाजार’ म्हणजे कचाकचा बोलणाऱ्या बायका. स्टोकोव्स्कीने दोन्ही उडवली, कारण त्याच्या कानाला ती फ्रेंच वाटली. सोबत काही प्रॉमनाडही गेले. राव्हेलच्या मांडणीला साधारण तेहतीस-चौतीस मिनिटं लागतात; ही अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

ही चित्रं फ्रेंच आहेतच. हार्टमान फ्रान्समध्ये राहून आला होता आणि तिथल्या जागा त्याने रंगवल्या होत्या. लिमोजच्या तुकड्यावर तर मुसॉर्ग्स्कीने हस्तलिखितात बाजारातल्या गप्पांचे फ्रेंच संवाद लिहून ठेवले होते आणि नंतर खोडले. तेव्हा फ्रेंचपणा राव्हेलने आणून चिकटवलेला नाही. तो मूळ लेखकाचा आहे, त्याच्याच हस्ताक्षरात.

आणि एकदा हाच निकष लावायचा ठरला तर मग उरतं काय? जुना किल्ला इटलीतला. बैलगाडी पोलंडची. दोन ज्यू, एक श्रीमंत आणि एक कंगाल, तेही पोलंडकडचे. दफनगुहा तर थेट पॅरिसच्या पोटातली, आणि ती स्टोकोव्स्कीने ठेवली! चेटकीण बाबा यागा आणि कीव्हचं महाद्वार ही शेवटची जोडी सोडली तर हे प्रदर्शन बहुतांशी परदेशातलंच आहे. रशियन काय असेल तर ते पाहणारा माणूस, म्हणजे प्रॉमनाड. रशियन डोळ्याने पाहिलेला युरोप, असा या रचनेचा बेत आहे. त्यातली फ्रेंच चित्रं काढून ती अधिक रशियन होत नाही. पाहणाऱ्याला पाहायला कमी उरतं, एवढंच होतं.

याहून मोठा तोटा नाट्याचा. लिमोजचा बाजार शेवटी वेडावाकडा पळत सुटतो आणि मुसॉर्ग्स्की तो कुठेही न थांबवता पुढच्या चित्रात ढकलतो. पुढचं चित्र दफनगुहेचं. बडबडीच्या ऐन भरात पायाखालची जमीन जावी आणि आपण थेट कवट्यांच्या अंधारात पडावं, तो धक्का या रचनेतला सर्वांत क्रूर आहे. मित्राच्या मृत्यूला वर्षही झालं नव्हतं, हे लक्षात ठेवून तो ऐकावा. स्टोकोव्स्कीच्या प्रदर्शनात बाजार नाही, म्हणून पडणंही नाही. दोन ज्यूंचं चित्र संपतं आणि आपण गुहेत असतो. गुहा त्याने जबरदस्त केली आहे, लांब धरलेले स्वरमेळ भिंतीसारखे उभे राहतात. पण तिथवर चालत गेलो काय आणि कोसळलो काय, यात फरक आहेच.

इथे त्या काळच्या रिवाजाचाही थोडा दोष. प्रॉमनाड कापणारा स्टोकोव्स्की पहिला नव्हे. राव्हेलनेही शेवटचा प्रॉमनाड गाळला आहेच, त्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नाही.

महाद्वार आणि ऑर्गन

कीव्हचं महाद्वार प्रत्यक्षात कधी बांधलंच गेलं नाही. झार दुसरा अलेक्झांडर 1866 मध्ये हल्ल्यातून वाचला, त्याच्या स्मरणार्थ वेशीचा आराखडा मागवला गेला आणि हार्टमानने तो काढला. वेशीला शिरस्त्राणाच्या आकाराचा घुमट आणि घंटाघर. मुसॉर्ग्स्कीने कागदावरच्या या वेशीसाठी पियानोला घंटा बनवलं आणि मध्ये बाप्तिस्म्याच्या स्तोत्राचे सूर घातले. स्तोत्रावर त्याची सूचना आहे: भावना न ओतता वाजवा.

पियानोवर हा भाग ऐकताना वादकाची दमछाक दिसते. दोन हातांत मावणार नाही एवढा आवाज तो मागतो आणि प्रत्येक स्वरमेळ मिळताक्षणी ओसरायला लागतो. स्टोकोव्स्की शेवटी वाद्यवृंदात खरा ऑर्गन घालतो. घंटा, पितळी वाद्यं, न तुटणारे गज आणि त्याखाली ऑर्गनचा पाया. भावना न ओतण्याची सूचना या गदारोळात कुठल्या कुठे वाहून जाते, हे कबूल. पण पियानोने जी भूक दाखवली होती ती इथे भागते. राव्हेलचं महाद्वार वेशीसारखं दिसतं, याचं वेशीएवढं वजन आहे.

ऑपेराच्या बाबतीत हाच हात का जमला

याच माणसाने 1936 मध्ये मुसॉर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनॉव’ या ऑपेरातून गायकांशिवायचा सलग वाद्यवृंदी पट तयार केला. त्याला त्याने ‘सिंफनिक सिंथेसिस’ म्हटलं. मठाबाहेरचा जमाव, राज्याभिषेक, चूदोव मठातल्या भिक्षूंचं गाणं, चर्चबाहेरचा भोळा वेडा, बोरिसचा मृत्यू, अशा क्रमाने तो जातो. गायकांच्या ओळी वाद्यांकडे येतात.

इथेही कात्री आहेच, आणि चित्रांपेक्षा कितीतरी निर्दय. तीन तासांच्या ऑपेराचा अर्धा तासही उरत नाही. तरी तक्रार करावीशी वाटत नाही. एक तर सिंथेसिस हे नावच सांगतं की हा निवडलेला ऐवज आहे, पूर्ण ऑपेरा असल्याचा आव नाही. दुसरं असं की स्टोकोव्स्कीने या ऑपेराचं घर आतून पाहिलं होतं. रिम्स्कीने ‘बोरिस’ही असाच घासूनपुसून चकचकीत केला होता आणि जग तीच आवृत्ती ऐकत होतं. लामने मूळ संहिता बाहेर काढल्यावर स्टोकोव्स्कीने 1929 च्या अखेरीस फिलाडेल्फियात ती मूळ आवृत्ती मैफलीच्या स्वरूपात सादर केली. अमेरिकेत ती पहिल्यांदाच ऐकू आली. राव्हेलची चित्रं आणि मूळ ‘बोरिस’, दोन्ही एकाच हंगामात.

राज्याभिषेकाच्या घंटा जवळून पाहिल्या तर हे कळतं. मुसॉर्ग्स्की तिथे दोनच स्वरमेळ आळीपाळीने वाजवत राहतो, एक ए-फ्लॅटवरचा, एक डी-वरचा. त्यांच्या मुळांमधलं अंतर पाश्चात्त्य सप्तकातलं सर्वांत दुरावलेलं, बरोबर अर्धं सप्तक. पण दोघांत दोन सूर सामाईक आहेत. त्यामुळे वरचे सूर जागेवरच लटकत राहतात आणि खालची जमीन तेवढी डावी-उजवीकडे सरकते. प्रचंड घंटा हेलकावे घेते तेव्हा हेच होतं. यात सुर पुढे जात नाही, कुठे पोचत नाही. त्या काळच्या व्याकरणाला ही चूकच वाटावी. स्टोकोव्स्की या दोन स्वरमेळांना सुधारत नाही. तो फक्त त्यांना वाजायला जागा देतो. चित्रांच्या वेळी त्याने मुसॉर्ग्स्कीला अधिक रशियन करायचा ध्यास घेतला होता. इथे तो त्याच्या वाटेतून बाजूला झाला.

पुढे काय झालं

स्टोकोव्स्कीने आपली ‘चित्रं’ तीनदा ध्वनिमुद्रित केली: 1939 मध्ये फिलाडेल्फियासोबत, 1941 मध्ये ऑल-अमेरिकन ऑर्केस्ट्रासोबत आणि 1965 मध्ये लंडनच्या न्यू फिलहार्मोनियासोबत. दरम्यान तो ती दुरुस्त करत राहिला. संहिता छापून आली 1971 मध्ये, तो नव्वदीच्या उंबरठ्यावर होता तेव्हा. मग इतर कंडक्टरही तिच्याकडे वळले: माथियास बामर्ट, गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की, ऑलिव्हर नसेन आणि एकेकाळी स्टोकोव्स्कीच्याच हाताखाली काम केलेला होसे सेरेब्रिएर. पियानिस्ट आणि कंडक्टर व्लादिमीर आश्केनाझीने 1982 मध्ये हस्तलिखिताशी पडताळून आणखी एक ऑर्केस्ट्रेशन केलं. लेनर्ड स्लॅटकिन या कंडक्टरने तर वेगवेगळ्या मांडणीकारांचे तुकडे जोडून प्रदर्शनच उभं केलं. मक्तेदारी राव्हेलचीच राहिली.

ऐकायची इच्छा असेल तर 1965 चं ध्वनिमुद्रण आधी घ्या. 1939 च्या तबकडीत ऑर्केस्ट्रा अधिक चांगला आहे, पण ऑर्गन आणि तळाचे सूर त्या काळच्या यंत्रात मावलेले नाहीत, आणि या मांडणीचा अर्धा जीव तळातच आहे. कार्यक्रम ठरवणं माझ्या हातात असतं तर पूर्वार्धात कुणाकडून तरी मूळ रचना पियानोवर वाजवून घेतली असती, लिमोजच्या बाजारासकट, आणि मध्यंतरानंतर स्टोकोव्स्कीचा ‘बोरिस’ ठेवला असता.